आईकडची माणसेही लिहून ठेवा: किडनीचा कॅन्सर आणि आनुवंशिकता

गावात कुणाला कॅन्सर निघाला की दोन वाक्ये हमखास कानावर येतात. 'त्यांच्या घराण्यातच आहे ते,' हे एक. 'आमच्या घराण्यात कुणालाच नव्हता, मग ह्याला कसा झाला?' हे दुसरे. पहिले ऐकून धडधाकट माणसांची झोप उडते. दुसऱ्यामुळे, ज्यांनी वेळेत तपासून घ्यायला हवे तेच निर्धास्त राहतात. आता त्यात जनुकीय चाचण्यांच्या जाहिरातींची भर पडली आहे. त्यामुळे या बाबतीत विज्ञानाला नेमके काय कळले आहे, हे साध्या शब्दांत सांगण्याची गरज मला वाटते.

मी मुख्यतः किडनीबद्दल लिहिणार आहे. आनुवंशिक कॅन्सरचे कोडे सोडवताना संशोधकांना किडनीने फार मोठा धागा दिला, हे एक कारण. दुसरे अधिक निकडीचे. किडनीतली गाठ बराच काळ काहीच त्रास देत नाही. लघवीतून रक्त जाईपर्यंत किंवा कुशीत दुखेपर्यंत ती बरीच वाढलेली असू शकते. म्हणून कोणाची तपासणी आधीच करायची, हे ठाऊक असले तर जीव वाचतो.

सगळे कॅन्सर जनुकांचे, पण आनुवंशिक थोडेच

आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात आणि त्यांवर सुमारे 20 हजार जनुके. शरीराला लागणारे एखादे प्रथिन कसे बनवायचे याची सूचना जनुकात असते. पेशीने कधी वाढायचे आणि कधी थांबायचे हेही काही जनुकेच ठरवतात. त्यांत बिघाड झाल्याशिवाय कॅन्सर होत नाही. या अर्थाने प्रत्येक कॅन्सर जनुकांचाच आजार आहे.

प्रश्न असतो तो हा बिघाड कधी आणि कुठे झाला याचा. बहुतेकांच्या बाबतीत तो जन्मानंतर, एखाद्या अवयवातल्या एखाद्या पेशीत होतो. वय, तंबाखू, कधी निव्वळ योगायोग, अशी त्याची कारणे असतात. तो त्या माणसाबरोबर संपतो, मुलांकडे जात नाही. थोड्या लोकांत मात्र तो आईच्या बीजातून किंवा वडिलांच्या शुक्राणूतून आलेला असतो आणि म्हणून शरीराच्या प्रत्येक पेशीत असतो. याला आपण या लेखापुरते 'जन्मजात बदल' म्हणू. पुढच्या पिढीत जातो तो हाच.

किडनीच्या कॅन्सरमध्ये असा जन्मजात बदल साधारण 5 ते 8 टक्के रुग्णांत सापडतो. उरलेल्यांच्या बाबतीत धूम्रपान, लठ्ठपणा, वर्षानुवर्षे चढा राहिलेला रक्तदाब आणि वाढते वय यांचा विचार आधी करायचा. घरात एकाच आजोबांना पंच्याहत्तरीत किडनीचा कॅन्सर झाला असेल, तर नातवंडांनी धास्ती घ्यायचे कारण सहसा नसते.

खाजनातले दोन बांध

जन्मजात बदल असला तरी माणूस निरोगी जन्माला येतो आणि कॅन्सर वीस-तीस वर्षांनी होतो, तोही सगळ्यांना नाही. असे का? गोव्यात ज्यांनी खाजनशेती पाहिली आहे त्यांना हे चटकन कळेल. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घातलेला असतो. समजा, प्रत्येक शेताला नदीच्या बाजूने एकामागे एक असे दोन बांध आहेत. एक फुटला तरी दुसरा पाणी अडवतो, आणि शेतात काही बिघडले आहे हे कुणाला कळतही नाही. दोन्ही फुटले की पीक गेले.

पेशीचेही तसेच आहे. वाढ आवरणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. सर्वसाधारण माणसात एकाच पेशीतल्या दोन्ही प्रती बिघडायला मोठा काळ आणि बरेच दुर्दैव लागते. जन्मजात बदल असलेल्या माणसात मात्र हरेक शेताचा एक बांध पहिल्यापासूनच फुटलेला असतो. किडनीत पेशी असंख्य. त्यांतल्या कुठल्यातरी एकीचा उरलेला बांध पुढेमागे फुटण्याची शक्यता मोठी असते.

आल्फ्रेड नुडसन या अमेरिकी डॉक्टरांनी 1971 मध्ये लहान मुलांच्या डोळ्यात होणाऱ्या कॅन्सरच्या 48 रुग्णांचा हिशेब मांडून हा विचार पुढे आणला. तेव्हा जनुक वाचण्याचे तंत्र हाती नव्हते. मुलाचे वय आणि गाठी एका डोळ्यात की दोन्ही, एवढ्यावरून त्यांनी दोन आघातांचा अंदाज बांधला, आणि तो पुढे खरा ठरला.

डॉक्टर आजही ज्या खुणा शोधतात त्या यातूनच येतात. किडनीचा कॅन्सर वयाच्या 46 व्या वर्षी किंवा त्याआधी झाला, दोन्ही किडन्यांत गाठी आहेत, एकाच किडनीत अनेक आहेत, किंवा रक्ताच्या जवळच्या नात्यात आणखी कुणाला तोच आजार आहे, तर जन्मजात बदलाची शंका घ्यायची.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. सोनोग्राफीत किडनीवर पाण्याची एखादी साधी पुटकुळी, म्हणजे सिस्ट, दिसली म्हणून घाबरू नये. वय वाढते तशा त्या पुष्कळांना होतात.

दुर्मीळ आजारापासून नोबेलपर्यंत

1979 मध्ये अमेरिकेतील एका कुटुंबाची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात आली. त्या घरात पिढ्यान् पिढ्या किडनीचा कॅन्सर होत होता, आणि ज्यांना झाला त्यांच्या तिसऱ्या आणि आठव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली होती. किडनीच्या कॅन्सरचे काहीतरी तिसऱ्या गुणसूत्रावर आहे, हा इशारा तिथे मिळाला.

व्हॉन हिपेल-लिंडाऊ नावाचा एक आजार डॉक्टरांना आधीपासून माहीत होता. जर्मन नेत्रतज्ज्ञ ऑयगेन व्हॉन हिपेल आणि स्वीडनचे आर्विड लिंडाऊ यांच्या नावावरून तो ओळखला जातो. सुमारे 36 हजार जन्मांत एक असे त्याचे प्रमाण. डोळ्याच्या पडद्यावर, लहान मेंदूत आणि मज्जारज्जूत रक्तवाहिन्यांच्या गाठी, स्वादुपिंडात आणि किडनीच्या वरच्या ग्रंथींत गाठी, आणि किडनीचा कॅन्सर, असे त्याचे रूप. अशा कुटुंबांनी रक्ताचे नमुने दिले आणि वर्षानुवर्षे संशोधकांना साथ दिली. त्यातून 1993 मध्ये तिसऱ्या गुणसूत्रावरचे ते जनुक सापडले. त्याला व्हीएचएल म्हणतात.

खरे आश्चर्य पुढे होते. ज्यांच्या घरात हा आजार नाही अशा रुग्णांच्या गाठी तपासल्या, तर किडनीच्या सर्वांत नेहमीच्या प्रकारात, ज्याला क्लिअर सेल म्हणतात आणि जो चारांतल्या साधारण तिघांना असतो, बहुतेक गाठींत हेच व्हीएचएल निकामी झालेले आढळले. मूठभर कुटुंबांच्या दुर्मीळ आजाराने हजारो सामान्य रुग्णांच्या आजाराचे मूळ दाखवून दिले. त्या कुटुंबांचे हे ऋण मला फार मोठे वाटते.

हे जनुक करते तरी काय? पेशीला प्राणवायू कमी पडला की एचआयएफ नावाचे प्रथिन साठते आणि नव्या रक्तवाहिन्या फुटण्याचा हुकूम देते. प्राणवायू पुरेसा असला की व्हीएचएल त्या प्रथिनावर खूण करते आणि पेशी त्याची विल्हेवाट लावते. व्हीएचएल निकामी झाले की खूण करणारे कुणी उरत नाही. प्राणवायू भरपूर असूनही पेशी गुदमरल्यासारखी वागते, रक्तवाहिन्या वाढवत राहते, आणि त्या रक्तावर गाठ पोसते. पेशींना प्राणवायूची कमी-जास्त कशी कळते हे उलगडल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना 2019 चे नोबेल मिळाले. त्यांतले केलिन याच आजाराचा अभ्यास करत या प्रश्नापर्यंत पोहोचले होते.

एचआयएफची एक शाखा थेट रोखणारे बेल्झुटिफान हे औषध 2021 मध्ये अमेरिकेत या आनुवंशिक आजारासाठी मंजूर झाले. 2023 च्या डिसेंबरात तिथेच, आधीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या किडनीच्या सर्वसाधारण प्रगत कॅन्सरसाठीही त्याला परवानगी मिळाली.

गर्भपिशवी काढलेली मावशी

व्हीएचएल हे एकच जनुक नव्हे. एमईटी, एफएलसीएन, एसडीएचबी, बीएपी1 अशी आणखी काही आहेत. एफएलसीएनच्या बाबतीत चेहऱ्यावर बारीक पुळ्या येतात आणि फुप्फुसात हवेचे फुगे होऊन ते अचानक बसू शकते. यादी इथे पुरे. एका जनुकाबद्दल मात्र थांबून बोलले पाहिजे, कारण त्याची खूण आपल्या घरांत दबक्या आवाजात बोलली जाते.

ते जनुक एफएच. त्यात जन्मजात बदल असला की स्त्रियांना तरुण वयातच, कधी विशीत, गर्भाशयात मोठ्या आणि अनेक फायब्रॉइडच्या गाठी होतात. त्वचेवर, विशेषतः हातांवर किंवा पाठीवर, थंडीत दुखणाऱ्या कडक गाठी येऊ शकतात. आणि घरातल्या काहींना, स्त्री असो वा पुरुष, किडनीचा एक फार आक्रमक कॅन्सर होतो.

समजा, पेडण्यातल्या एका घरात एका बहिणीची 'पिशवी काढली' तिशीत. दुसरीची बत्तिसाव्या वर्षी. त्यांच्या भावाला चाळिशीत किडनीचा कॅन्सर झाला. बहिणींवर उपचार करणारे डॉक्टर वेगळे, भावाचे वेगळे. बायकांचे दुखणे पुरुषांसमोर बोलायचे नाही म्हणून भावाच्या कागदांवर ते कधीच चढत नाही. तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या असत्या तर कुणालाही शंका आली असती.

फायब्रॉइड पुष्कळ स्त्रियांना होतात आणि त्यांतल्या बहुतेकींचा या जनुकाशी काही संबंध नसतो. वय फार लहान असणे, गाठी अनेक असणे आणि सोबत त्वचेची किंवा किडनीची गोष्ट असणे, हे जुळून आले तरच विचार करायचा. पण जुळलेच, तर वेळ दवडू नये. या प्रकारात किडनीतली गाठ छोटी दिसली तरी ती वाढेपर्यंत थांबत नाहीत, लगेच काढतात.

कुळवृत्तांतात नसलेली माणसे

आपल्याकडे कुळवृत्तांत लिहिण्याची परंपरा आहे. दहा-बारा पिढ्यांची वंशावळ घराघरांतून सापडते. पण ती बहुधा मुलांच्या वाटेने पुढे सरकते. मुलगी लग्न होऊन गेली की तिची फांदी थांबते, सुनेच्या माहेरचा तर उल्लेखच नसतो. गोत्र आणि कुळदेव बापाकडून येत असतील, जनुके निम्मी आईकडूनच येतात.

त्यामुळे 'आमच्या घराण्यात कुणाला नव्हता' या वाक्याचा अर्थ पुष्कळदा 'वडिलांकडच्या पुरुषांत कुणाला नव्हता' एवढाच असतो. उलट चूकही होते. स्तनाचा आणि बीजांडकोशाचा कॅन्सर वाढवणारी बीआरसीए1 आणि बीआरसीए2 ही जनुके वडिलांकडूनही येतात. म्हणून आत्यांना काय झाले होते हे मुलींना माहीत हवे. लिंच सिंड्रोम नावाच्या आनुवंशिक आजारात मोठे आतडे, गर्भाशय आणि किडनीतून निघणारी मूत्रवाहिनी या तिन्हींचा धोका वाढतो. एका घरात तिघांना तीन वेगळे कॅन्सर झालेले दिसतात, आणि मुळाशी एकच बदल असतो.

या बहुतेक जनुकांच्या बाबतीत आई-वडिलांपैकी एकात बदल असला की प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता 50 टक्के. प्रत्येक जन्माला ती नव्याने लागू होते. थोरल्याला मिळाला म्हणून धाकटा सुटला, असे नसते. जवळच्या नात्यातल्या लग्नाचाही इथे प्रश्न येत नाही, कारण एकाच बाजूने आलेला बदल पुरेसा असतो.

'गाठीच्या रिपोर्टवर व्हीएचएल बिघडल्याचे लिहिले आहे, मग मुलांनाही होणार?'

हा प्रश्न आता वारंवार येतो, कारण गाठीचा तुकडा जनुकीय तपासणीला पाठवणे वाढले आहे. उत्तर असे: गाठीतला बिघाड हा बहुतेक वेळा त्या गाठीपुरताच असतो. व्हीएचएल तर क्लिअर सेल गाठींत बहुधा बिघडलेलेच सापडते. तो जन्मजात आहे की नाही हे रक्त किंवा लाळ तपासल्यावरच ठरते. दोन्ही रिपोर्ट वेगळे, त्यांचे अर्थ वेगळे. गाठीचा रिपोर्ट हातात घेऊन मुलांच्या भवितव्याची चिंता करत बसण्याआधी डॉक्टरांना एकच विचारा: हा बदल गाठीत आहे की रक्तात?

चाचणी आधी कुणाची?

इथे मोठी गफलत होते. घरातला निरोगी मुलगा जाऊन स्वतःचे रक्त देतो, रिपोर्टवर काही सापडत नाही, आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण ज्याला कॅन्सर झाला त्याच्यात कुठला बदल आहे हे माहीत नसेल, तर मुलाच्या स्वच्छ रिपोर्टमधून फारसे काही कळत नाही. आधी आजारी व्यक्तीची चाचणी करायची. तिच्यात बदल सापडला की नातेवाइकांनी नेमका तेवढाच बदल शोधायचा. तो नाही निघाला, तर त्या नातेवाइकाचा धोका इतर कुणाही इतकाच, आणि त्याला दरवर्षीच्या एमआरआयमधून मोकळीक मिळते. ही मोकळीकही चाचणीचीच देणगी आहे.

घरात कुणालाच आजार नसेल आणि एखाद्या तरुणाच्या दोन्ही किडन्यांत गाठी निघाल्या, तरी चाचणी करावी. व्हीएचएलच्या साधारण पाचांतल्या एका रुग्णात बदल त्याच्यापासूनच सुरू झालेला असतो.

कधी रिपोर्टवर 'अर्थ न लागलेला बदल' असे येते. जनुकात फरक आहे, पण तो घातक की निरुपद्रवी हे ठरवण्याइतकी माहिती नाही, असा त्याचा अर्थ. अशा बदलावरून कुणाची किडनी किंवा गर्भाशय काढायचा निर्णय घेऊ नये. भारतीयांच्या रिपोर्टमध्ये हा शेरा जास्त येतो, कारण जगातल्या जनुकीय माहितीच्या साठ्यात युरोपीय वंशाच्या लोकांची माहिती फार आणि आपली थोडी. जीनोम इंडिया प्रकल्पात 10 हजार भारतीयांचे जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा जनुकीय मजकूर, वाचले गेले आणि जानेवारी 2025 मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. तिचा उपयोग अशा ठिकाणी होतो.

'कळून तरी काय करणार?'

या आक्षेपाशी मी मनापासून असहमत आहे. व्हीएचएलचा बदल माहीत असलेल्या मुलाचे डोळे बाळपणापासून तपासले जातात, रक्तदाब पाहिला जातो, पंधराव्या वर्षाच्या आसपास पोटाचे एमआरआय सुरू होते. गाठ दिसली तरी लगेच सुरी चालवत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. 3 सेंटिमीटरपेक्षा लहान असताना व्हीएचएलची गाठ सहसा पसरत नाही, असे त्यांना दिसले. म्हणून तोवर लक्ष ठेवायचे, मग फक्त गाठ काढायची आणि किडनी राखायची, अशी पद्धत रूढ झाली. पूर्वी अशा तरुणांच्या दोन्ही किडन्या जाऊन त्यांच्या नशिबी डायलिसिस येई. एफएचमध्ये नेमके उलट, थांबायचेच नाही. एकाच आकाराची गाठ, जनुक वेगळे, निर्णय वेगळा. जनुकाचे नाव कळण्याचा उपयोग तो हा.

लहान मुलांची चाचणी सरसकट करू नये. ज्या आजारात देखरेख बालपणीच सुरू होते तिथे ती करतात. बीआरसीएसारख्या जनुकांसाठी मूल सज्ञान होऊन स्वतः ठरवेपर्यंत थांबतात.

लग्न आणि विमा

'हे बाहेर कळले तर मुलीचे लग्न जमेल का?' ही भीती खरी आहे, आणि तिला हसण्यावारी नेणाऱ्यांचा मला राग येतो. रिपोर्ट ही खासगी बाब आहे. तो कुणाला दाखवायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे. पण भावंडांना आणि चुलत-मावस नात्यांना सांगणे ही वेगळी गोष्ट आहे, कारण तोच बदल त्यांच्यातही असू शकतो.

विम्याबाबत, 2018 च्या मार्चमध्ये विमा नियामक प्राधिकरणाने आरोग्य विमा कंपन्यांना कळवले की आनुवंशिक विकाराचे कारण देऊन दावे नाकारू नयेत. अमेरिकेत 2008 पासून जनुकीय भेदभावाविरुद्ध कायदा आहे. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही, आणि तो व्हायला हवा.

काणकोणचा आजार आणि झाडपाला

गोव्यात किडनी म्हटले की काणकोणचा विषय निघतोच. तिथल्या बातम्या आहेत त्या किडन्या हळूहळू निकामी होण्याच्या, म्हणजे दीर्घकालीन मूत्रपिंड विकाराच्या. तो कॅन्सर नव्हे. दोन्हींची गल्लत करू नये.

बाहेरच्या कारणांचे ठसेही आता जनुकांत वाचता येतात. 2024 मध्ये 11 देशांतल्या 962 किडनी कॅन्सरच्या गाठींचे जीनोम तपासले गेले. रुमानिया आणि सर्बियातल्या अनेक गाठींत ॲरिस्टोलोकिक आम्लाचा ठसा सापडला. हे आम्ल ज्या वनस्पतिकुळात असते, त्यातलीच एक वेल आपल्याकडे ईश्वरमूळ किंवा सापसंद म्हणून झाडपाल्यात वापरली जाते. हे आम्ल किडनी निकामी करते आणि मूत्रमार्गाचा कॅन्सर घडवते, हे सिद्ध झालेले आहे. साप चावल्यावर असो की पोटदुखीवर, ती पोटात घेऊ नये.

चवथीला विचारायचे प्रश्न

मुंबई, बेळगाव, कारवारहून सगळे मूळ घरात एकत्र येतात ते चवथीला. वडीलधाऱ्यांना तेव्हाच विचारता येईल. आजी-आजोबा, काका, आत्या, मामा, मावश्या आणि त्यांची मुले, दोन्ही बाजूंची. कुणाला कुठला कॅन्सर झाला, आणि तेव्हा वय काय होते. 'पोटात गाठ होती' एवढ्यावर थांबू नका. पोटात आतडे आहे, किडनी आहे, बीजांडकोश आहे, गर्भाशय आहे. शस्त्रक्रिया कुठे झाली, काय काढले, हे विचारले की बरेच उलगडते. कुणाची दृष्टी तरुणपणी गेली का, कुणाच्या मेंदूची शस्त्रक्रिया झाली का, कुणाची गर्भपिशवी लवकर काढली का, हेही लिहा. शेवटचा प्रश्न बाईने बाईला विचारलेला बरा.

खुणा जुळत असतील तर तो कागद घेऊन बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, किंवा आपल्या कॅन्सरतज्ज्ञांकडे जा आणि जनुकीय समुपदेशनाबद्दल विचारा. टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात आनुवंशिक कॅन्सरसाठी स्वतंत्र विभाग आहे. कोकण रेल्वेने पनवेलला उतरले की ते जवळच पडते. जाताना आजारी व्यक्तीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट बरोबर घ्या, आणि गेलेल्यांचे जुने कागद मिळाले तर तेही. मृत्यूच्या दाखल्यापेक्षा पॅथॉलॉजीचा कागद कितीतरी उपयोगी, कारण गाठ कुठली आणि कोणत्या प्रकारची होती हे त्यावरच लिहिलेले असते.